सुम्मा नंतर, आधी योनाचे झाड

तुमचा प्रश्न असा आहे की, मराठी बायबल एकदा सलग वाचून झाले असून ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाचा इतिहास समजून घेण्यासाठी आता तेराव्या शतकातील ईश्वरविज्ञानी थॉमस अक्वायनसचा ‘सुम्मा थिऑलॉजिए’ हा ग्रंथ थेट हाती घ्यावा, की आधी एखादा इतिहासग्रंथ वाचावा. माझ्या मते तूर्त दोन्ही बाजूला ठेवावेत. ही परंपरा मुळात टीकाकारांची, म्हणजे वचनावर भाष्य आणि भाष्यावर पुन्हा भाष्य लिहीत गेलेल्यांची आहे. एकच वचन धरून त्यावर कोण का भांडले हे पाहिल्याने ती जितकी उमगते, तितकी सनावळ्यांनी उमगत नाही.

योनाच्या पुस्तकाचा चौथा अध्याय उघडा. निनवे शहराबाहेर रुसून बसलेल्या योना या संदेष्ट्यावर सावली धरण्यासाठी देव एक झाड उगवतो आणि दुसऱ्या दिवशी कीड लावून ते सुकवतो. या झाडाचे हिब्रू नाव ‘किकायोन’. जुन्या करारात हा शब्द या अध्यायाबाहेर कुठेही येत नाही. प्राचीन ग्रीक भाषांतरकारांनी त्याचा भोपळा केला, त्यावरून उतरलेल्या जुन्या लॅटिन पाठातही भोपळाच राहिला आणि रोमच्या भुयारी दफनभूमींतील भित्तिचित्रांत योना भोपळ्याच्या मांडवाखाली आडवा झालेला दिसू लागला. पुढे बेथलेहेम येथे राहून थेट हिब्रूवरून लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्या जेरोम या ख्रिस्ती विद्वानाने भोपळा काढून तिथे आयव्हीची वेल लावली. इ. स. 403 मध्ये उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीन त्याला पत्रातून कळवतो की, ओएआ म्हणजे आजच्या लिबियातील त्रिपोली येथील बिशपने हे नवे भाषांतर उपासनेत वाचताच, पिढ्यान् पिढ्या कानावर पडलेला शब्द बदललेला ऐकून लोकांनी गोंधळ घातला. बिशपला गावातल्या यहुद्यांकडे चौकशी करावी लागली आणि अनुयायी गमावण्याची वेळ आल्यावर शब्द मागे घ्यावा लागला.

जेरोमचे उत्तर मोठे वाचनीय आहे. मूळ झाड रुंद पानांचे असून स्वतःच्या खोडावर आधाराशिवाय उभे राहते, लॅटिनमध्ये त्याला नाव नाही, मूळ शब्द तसाच ठेवला असता तर कुणाला कळला नसता आणि भोपळा म्हटले असते तर हिब्रूत नसलेले लिहिल्यासारखे झाले असते; म्हणून आधीच्या काही ग्रीक भाषांतरकारांचा आयव्ही हा शब्द स्वीकारला, असे तो सांगतो. (वर्णन वाचून आपल्याला बांधावरचा एरंडच आठवतो आणि अनेक आधुनिक अभ्यासकांचे मतही तेच आहे. म्हणजे आयव्हीही चुकलीच.) मूळ भाषेतील शब्द प्रमाण मानायचा, की मंडळीच्या, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धावंतांच्या समुदायाच्या, कानात आणि प्रार्थनेत मुरलेला पाठ, हा वाद त्या झाडाखालचा खरा वाद आहे. ऑगस्टीन मला पूर्वी भित्रा वाटत असे. आता तसे वाटत नाही, कारण ग्रीक आणि लॅटिन मंडळ्यांचे पाठ वेगळे पडतील ही त्याची भीती वाजवी होती.

हाच पेच पुढे पुन्हा पुन्हा येतो. इरॅस्मस या डच विद्वानाने 1516 मध्ये नव्या कराराचा ग्रीक पाठ छापला, तेव्हा योहानाच्या पहिल्या पत्रातील त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा एकच असल्याचा, उल्लेख करणारे प्रसिद्ध वाक्य ग्रीक हस्तलिखितांत न सापडल्याने वगळले. टीकेचा भडिमार झाल्यावर 1522 च्या तिसऱ्या आवृत्तीत ते घातले. आपल्याकडे 1584 मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली आणि तीत कुणी स्वतःची ओवी घुसडू नये अशी ताकीद दिली, ती आठवली की हा पेच मराठी वाचकाला परका वाटू नये. तुमच्या सोलापुरात तर जीवराज जैन ग्रंथमालेने ‘तिलोयपण्णत्ती’सारखे प्राकृत ग्रंथ संपादित करून छापले आहेत, तशी एखादी संपादित प्रत चाळलीत तर पाठभेद, म्हणजे हस्तलिखितांतील शब्दांचे फरक, नोंदवणे म्हणजे काय हे तासाभरात कळेल.

‘सुम्मा’ त्यानंतर घ्या. सुमारे 1265 ते 1273 या काळात लिहिलेला हा ग्रंथ अपुरा राहिला आहे. त्यात प्रत्येक प्रश्नाखाली आधी आक्षेप, मग एक विरोधी वचन, मग लेखकाचे उत्तर आणि शेवटी आक्षेपांचे निरसन येते. नवखा वाचक सुरुवातीचे आक्षेप हेच अक्वायनसचे मत समजून बसतो. आधी प्रतिपक्षाचे म्हणणे (पूर्वपक्ष) आणि मग स्वतःचा निर्णय (सिद्धान्त) मांडण्याची शास्त्रार्थाची रीत ज्याला ठाऊक आहे, त्याची ही चूक होऊ नये.

मराठीतले टप्पे तुम्हाला बहुधा माहीत असतील: 1616 मध्ये रोमन लिपीत छापलेले फादर स्टीफन्सचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’, 1811 चा मिशनरी विल्यम कॅरीचा नवा करार आणि हिब्रू व ग्रीक शिकून पंडिता रमाबाईंनी केलेले संपूर्ण बायबलचे भाषांतर. यांपैकी रमाबाईंच्या कामाकडे अभ्यासकांनी फार कमी लक्ष दिले आहे, असे मला वाटते.

सोलापूरकर असण्याचा एक फायदा मात्र अवश्य घ्या. मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषांतली बायबले मिळवा, पूर्व भागातल्या एखाद्या तेलुगूभाषक मित्राला आणि अक्कलकोटकडच्या एखाद्या कन्नडभाषकाला शेजारी बसवा आणि योनाच्या चौथ्या अध्यायाचे सहावे वचन तिन्हींत वाचून प्रत्येकाने कोणते झाड लावले आहे ते टिपून ठेवा. ती टिपणे मला दाखवा. जेरोम आणि ऑगस्टीन यांची पत्रे कोणत्या क्रमाने वाचावीत ते मग सांगतो.