नवीन केमनला आधी सिरॅमिक करून घेतलं आणि पीपीएफ (रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म) नंतर लावली तर चालेल का? दोन्ही मिळून किती वर्षं टिकतं?

प्रश्नात लिहिलंय की गाडी नवी कोरी पोर्शे ७१८ केमन आहे, दर आठवड्याला पुणे-मुंबई एक्सप्रेसवेवर जाते, आणि डिटेलिंगवाला म्हणतो, ‘आत्ता नाइन-एच सिरॅमिक मारू, खड्यांची चिंता मिटली, फिल्म सवडीने बघू.’

नाही चालणार. आणि खड्यांची चिंता तर अजिबात मिटत नाही.

सिरॅमिक म्हणजे रंगावर लावायचा काचेसारखा लेप. त्याचा थर फार तर एक-दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). कंपनीचा रंग प्रायमरपासून क्लिअर कोटपर्यंत साधारण १०० ते १५० मायक्रॉन, त्यात क्लिअर कोट, म्हणजे सगळ्यात वरचा पारदर्शक थर, चाळीस-पन्नास. चांगली टीपीयूची (लवचीक प्लास्टिकची) फिल्म एकटीच १५० ते २०० मायक्रॉन असते आणि रबरासारखी दबून धक्का खाते. शंभरच्या वेगात समोरच्या ट्रकच्या चाकातून उडालेल्या खडीला दोन मायक्रॉनची काच काय अडवणार? ते ‘नाइन-एच’ म्हणजे पेन्सिलच्या शिशांची मोजपट्टी आहे. कोणत्या कडकपणाच्या शिशाने थरावर ओरखडा उठतो, एवढंच ती सांगते. टवका उडण्याशी तिचा काही संबंध नाही. सिरॅमिकचं काम वेगळं: धूळ सहज धुतली जाते, पक्ष्यांची घाण आणि बोअरच्या पाण्याचे क्षार रंगाला भिडायला जरा वेळ लागतो, चकाकी राहते.

उलट क्रमाने काय होतं ते आमच्याकडे आलेल्या एका काळ्या केमनवर नीट दिसत होतं. आधी सिरॅमिक, वर्षभराने दुसऱ्या दुकानात त्याच्यावर फिल्म. बॉनेटच्या मधोमध फिल्म घट्ट होती. सपाट जागी ती बसतेच, म्हणून लोक फसतात. भानगड कडेला. बंपरच्या हवेच्या तोंडांशी, जिथे फिल्म ताणून आत दुमडतात, तिथे बोटभर कड सुटलेली आणि तिच्याखाली धुळीची काळी रेघ. ज्या थरावर पाणी ठरत नाही, त्यावर गोंद तरी कसा ठरेल? त्यातून फिल्म जास्त ताणली की गोंद पातळ होतो आणि चार उन्हं खाल्ली की ती आकसून मागे येते.

मग ती काढायची. गरम करून, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, उलटी दुमडून, सावकाश. काटकोनात ओढली आणि पॅनल पूर्वी रंगवलेलं निघालं तर क्लिअर कोट फिल्मबरोबर हातात येतो. पूर्वी रंगवलंय का ते रंगाच्या जाडीवरून कळतं, पण ती मोजणारं साधं यंत्र धातूवरच चालतं. बंपर प्लास्टिकचा, आणि सगळ्यात जास्त रंगवला जातो तोही बंपरच. त्यानंतर सिरॅमिक उतरवणं. नुसत्या अल्कोहोलने ते जात नाही, पॉलिश मारावंच लागतं. पाण्याचे थेंब गोळा न होता पाणी पसरायला लागलं की समजायचं उतरलं. कोपऱ्यात मशीन जात नाही, तिथे छोटं पॅड घेऊन हातानेच. हेडलाइटच्या कडेला रंगात ब्लेडच्या रेघाही होत्या, कारण फिल्म गाडीवरच कापलेली. हा दुहेरी खर्च टाळायला आधी फक्त क्रम बदलायचा होता.

योग्य क्रम: धुणं, लोहकण काढणारं केमिकल, क्ले (चिकटलेला कचरा ओढून काढणारी माती), गोल ओरखडे असतील तर पॉलिश (फिल्मखाली ते तसेच दिसत राहतात), मग अल्कोहोलने पुसणं. फिल्म सरकवायला लिटरभर गाळलेल्या पाण्यात बेबी शॅम्पूचे काही थेंब. कड धरवायला पाण्यात १० ते २० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. स्क्वीजी (पाणी ओढायची रबरी पट्टी) मधून बाहेर फिरवायची. दुमडलेली कड वाळवून हीट गनने शेकायची आणि बोटाने दाबून धरायची. पाण्याचे धूसर फुगे दोन-तीन आठवड्यांत जातात, हवेचे आणि कचऱ्याचे जात नाहीत. आठवडाभर धुणं नाही.

त्यानंतर सिरॅमिक, फिल्मवर आणि उघड्या पॅनलवरही. हातभर जागा घेऊन लावायचं, वेळेत पुसायचं. पावसाळ्यात दमट हवेत ते भराभर पकडतं. राहिलेला डाग दुसऱ्या दिवशी पॉलिशशिवाय निघत नाही.

पूर्ण गाडीचं बजेट नसेल तर बंपर, अख्खं बॉनेट, पुढचे फेंडर, आरसे, हेडलाइट, खालचे स्कर्ट, आणि दाराच्या मागची हवेची तोंडं मागच्या चाकाच्या कमानीपर्यंत. रुंद टायर स्वतःच खडी मारतात. ९११ च्या मागच्या फेंडरवर पोर्शे कारखान्यातूनच पारदर्शक फिल्म लावते ती त्यासाठीच. अर्धं बॉनेट करू नका, मधली रेघ धूळ धरते. छतावर मी पैसे घालणार नाही.

वर्षांचं: वॉरंटी पाच-दहा वर्षांची लिहितात, पण ती पिवळेपणा, तडे आणि सुटण्याची. खड्याने फिल्म फाटली तर खर्च तुमचा. तुमच्या वापरात पुढचा बंपर आधी बदलायला येईल, बाकीच्या फिल्मची वेळ बरीच नंतर येईल.

हे सगळं चकचकीत रंगाबद्दल. मॅट असेल तर पॉलिश विसरा, मॅटचीच फिल्म घ्या. पॅनल नुकतं रंगवलं असेल तर किमान महिना थांबा, आतलं सॉल्व्हंट बाहेर पडू दे.

आणि त्या डिटेलिंगवाल्याला पैसे देण्याआधी एवढंच विचारा: सिरॅमिकवर लावलेल्या फिल्मची कड सुटली तर पुन्हा फुकट लावून देणार का? दिलं उत्तर, तर बिलावर लिहून घ्या, रोलच्या नंबरसकट.