वारसा कोण ‘सोडतो’?

प्रश्न वडोद्याहून आहे. मंडळाच्या स्मरणिकेत दांडिया बाजारातल्या एका दिवंगत काकांवर मजकूर जायचा आहे. काका मोडी वाचत; लोकांची जुनी खरेदीखतं, दत्तकपत्रं बाळबोधीत (देवनागरीत) उतरवून देत. मूलबाळ नाही, शिष्य नाही, नावावर पुस्तक नाही. मसुद्यात ‘त्यांच्या जीवनाचं सार्थक झालं’ असं वाक्य होतं. त्यावर मंडळातले एक ज्येष्ठ अडून बसले : “मागे काही वारसा सोडला नाही, मग सार्थक कसलं?” तेव्हा ‘सार्थक’ ठेवावं की काढावं?

खुशाल ठेवा. खटकतंय ते ‘वारसा सोडणे’.

मुळात अरबी ‘वारिस’. तिथून कचेरीच्या वाटेने तो मराठीत ‘वारस’ म्हणून आला, गुजरातीतही आला. तुमच्याकडे आजही ‘वारसाई’ (जमिनीवर वारसांची नोंद) करायची तर पेढीनामा, म्हणजे वंशावळ, लागतो. इकडे सातबाऱ्यावर ‘वारस लागतात’. आता या शब्दाची क्रियापदं बघा. वारसा मिळतो, लाभतो, चालवतात, जपतात, सांगतात, आणि भांडण झालं की त्यावर हक्कही सांगतात. ही सगळी कामं मागे राहिलेल्यांची. जाणाऱ्याच्या वाट्याला मराठीने इथे क्रियापद फारसं ठेवलेलं नाही. ‘वारसा सोडून गेले’ हे अलीकडचं, इंग्रजीच्या वळणाचं. मृत्युलेखांत सर्रास दिसतं, म्हणून त्याला चूक म्हणणार नाही, पण माझ्या कानाला ते अजून परकंच लागतं.

‘नाव काढणे’ची तीच गत. आजोबांचं नाव नातू काढतो आणि घालवायचं तर तोच घालवतो. आजोबांच्या आयुष्याची किंमत त्यावर लावायची, तर नातवाने दिवाळं काढलं की आजोबाही बुडाले म्हणायचे!

तुमच्या वडोद्यातल्या खंडेराव मार्केटचंच घ्या. भाजीला जाणारा प्रत्येक जण वडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड यांचं नाव घेतो. पण ते 1870 मध्येच वारले. 1875 मध्ये त्यांच्या पत्नी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळराव दत्तक घेतला, तोच सयाजीराव. त्यांनी 1906 मध्ये ही इमारत उभारून वडिलांचं नाव दिलं. खंडेरावांना ज्या वारसाने इतकं तोंडी ठेवलं, त्याला त्यांनी निवडलंही नव्हतं. (त्याच साली सयाजीरावांनी सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. ते मोठं काम, पण भाजी घेताना कोणाला आठवत नाही.)

तुमचे ज्येष्ठ ‘मरावे परी कीर्तिरूपे उरावे’ म्हणतील, ते धरूनच चला. ‘कीर्ती’ आणि ‘कीर्तन’ एकाच धातूचे : सांगणं, वर्णन करणं. म्हणजे तीही दुसऱ्याच्या तोंडी. आणि समर्थांच्या मनाच्या श्लोकात ‘देहे त्यागिता कीर्ति मागे उरावी’ ही पहिली ओळ आहे, शेवटची नव्हे. पुढे चंदनासारखं झिजायला आणि सज्जनांचं अंतर निववायला सांगितलंय. श्रद्धांजलीच्या फलकावर तेवढं कोणी उतरवत नाही, जागा पुरत नसावी.

राहिलं ‘सार्थक’. स-अर्थ, अर्थासकट. हा शब्द आपल्याकडे जिवंत माणूसच स्वतःबद्दल जास्त वापरतो. वारीहून आलेली बाई ‘जन्माचं सार्थक झालं’ म्हणते, तेव्हा तिने मागे काय ठेवलं हे कोणी विचारत नाही. विठ्ठल दिसला, झालं. तेव्हा काकांचं सार्थक त्यांच्या हयातीतच झालं असणार; दुपारभर भिंग धरून एखादी पुसट सही लागली की झालं असणार.

ज्येष्ठांचं मन राखायचं असेल, तर ‘सार्थक’च्या आधी एवढंच घाला : ‘काकांनी वाचून दिलेल्या कागदांवर कित्येक घरांचे वारस लागले.’ मात्र तिथे ‘वारसा’ नको, ‘वारस’च लिहा.