पुइग ओबेर खरंच एवढा मोठा होता का?

पुइग ओबेरबद्दल सगळीकडे त्याच्या सिगारेट ओढण्याचेच किस्से वाचायला मिळतात, खेळाडू म्हणून तो खरंच मोठा होता का, असं तुम्ही विचारलंय. होता. फ्रान्सच्या रग्बी लीगमध्ये, म्हणजे तेरा-तेरा जणांच्या रग्बीत, त्याच्या तोडीचा दुसरा मला तरी दिसत नाही. किस्से बाजूला ठेवा आणि १९५१ चे गुणफलक बघा.

फ्रेंच संघाचा तो पहिलाच ऑस्ट्रेलिया दौरा. कार्कासोन क्लबचा हा फुलबॅक, म्हणजे सगळ्यांत मागे उभा राहणारा बचावपटू, कप्तान. समोरचा कप्तान क्लाइव्ह चर्चिल, तोही फुलबॅक, आणि ऑस्ट्रेलियाचा लाडका. सिडनीत फ्रान्स २६-१५ जिंकलं, ब्रिस्बेनला ११-२३ हरलं, शेवटी पुन्हा सिडनीत ३५-१४. मालिका २-१. तेव्हा ट्रायला (चेंडू समोरच्या संघाच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवला की) ३ गुण मिळत आणि गोलला (किक मारून चेंडू खांबांमधून घातला की) २. पुइग ओबेरने तीन कसोटींत गोलसाठी १८ किक मारल्या, अठराच्या अठरा खांबांमधून गेल्या. त्याचे ३६ गुण, संघाचे एकूण ७२. निम्मे गुण एकट्याच्या पायातून! हरलेल्या ब्रिस्बेनच्या सामन्यातसुद्धा संघाला ट्राय एकच मिळाला, बाकीचे ८ गुण त्याचे.

टॅकल करायचा, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून पाडायचा, त्याला कंटाळा, सरावाचाही, ही टीका खोटी नाही. बचावात त्याची उणीव पोन्सिने, ब्रूस यांच्यासारखे दणकट फॉरवर्ड (आघाडीचे खेळाडू) भरून काढत. पण ज्याची किक चुकत नाही, त्याच्या संघासमोर नियम मोडून पेनल्टी, म्हणजे गोलसाठी किक मारायची संधी, द्यायची प्रतिस्पर्ध्याला धास्ती वाटते. हे दडपण गुणफलकावर दिसत नाही.

या विजयाचं मोल कळायला दहा वर्षं मागं जावं लागतं. १९४१ मध्ये विशी सरकारने (दुसऱ्या महायुद्धात जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या फ्रेंच सरकारने) फ्रान्समध्ये रग्बी लीगवर बंदीच घातली, संघटनेचा पैसा आणि मालमत्ता जप्त केली. युद्धानंतर खेळ परत आला, पण 'रग्बी' हे नाव वापरायची मुभा नव्हती. नुसता 'तेरा जणांचा खेळ'. मला याचा अजून राग येतो. अशा खेळातला हा माणूस, आणि त्याच वर्षी 'लेकिप' या क्रीडा दैनिकाने सगळ्या खेळांमधून सर्वोत्तम फ्रेंच खेळाडू म्हणून त्याला निवडलं.

विश्वचषक मात्र हुकला. १९५४ चा पहिलाच विश्वचषक फ्रान्समध्ये झाला, कप्तान तोच, आणि पॅरिसच्या अंतिम सामन्यात ग्रेट ब्रिटनकडून १२-१६ अशी हार. पण १९५१ चा तो संघ मी फ्रान्सचा आजवरचा सर्वोत्तम मानतो, आणि त्यातलं पहिलं नाव पुइग ओबेरचंच.