वऱ्हाडी बोलणाऱ्याला कार्टूनमध्ये आवाज देता येईल का? आधी शुद्ध मराठीचा क्लास लावू का?

भाऊ, तुमचं म्हणणं असं: दर्यापूर तालुक्यात राहता, वय बावीस, मुलांच्या कार्टूनला आवाज द्यायचाय, बोलणं वऱ्हाडी, आणि कोणीतरी सांगितलंय की आधी 'शुद्ध भाषे'चा तीन महिन्यांचा क्लास लावा. शेवटी विचारलंय की पैसे किती मिळतात. क्लासचं आधी बोलते, कारण तिथेच माझं डोकं फिरलं.

नका लावू.

तीनच उच्चार बसवायचे आहेत. आपल्याकडे डोळ्याचा डोया होतो, पाण्याचं पानी होतं आणि विहिरीची इहीर. ळ साठी जीभ ड म्हणताना जिथे लागते तिथेच मागे वळवून टाळूला लावायची. ड मध्ये हवा अडते, ळ मध्ये जिभेच्या दोन्ही बाजूंनी वाहत राहते. खात्री करायची तर 'ळऽऽ' लांबवून बघा. लांबला तर ळ, अडला तर ड, आणि जीभ टाळूला लागलीच नाही तर य. काळा, गोळा, पोळी, डोळा असे शब्द रोज दहा मिनिटं मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. लगेच ऐकलं तर आपल्याला जे म्हणायचं होतं तेच ऐकू येतं. मन-मण, वेळ-येळ यांचंही तसंच. दीड-दोन महिन्यांत फरक पडतो. मले-तुले सोडायची गरज नाही. ते व्याकरण आहे, दोष नाही. संवाद लिहून येतो. घरी तुम्ही काय बोलता ते माइकला कळत नाही.

आता वऱ्हाडी 'चालत नाही' म्हणणाऱ्यांबद्दल. मी आवाज दिलेल्या एका परदेशी मालिकेच्या मराठी डबिंगमधलं वाक्य घ्या. एक साळिंदर रडणाऱ्या पिल्लाला विचारतं. चित्रात त्याचं तोंड साधारण दीड सेकंदात सात वेळा उघडतं आणि ओठ एकदाही मिटत नाहीत. कागदावर वाक्य होतं, "का रडतोयस?" बोलताना चारच ठोके: का, रड, तो, यस. म्हणजे तीन वेळा तोंड हलतंय आणि आवाज नाही. इथेच मालिका बनत असती तर प्रश्न नव्हता, कारण तेव्हा आवाज आधी रेकॉर्ड होतो आणि तोंड त्याच्यावरून हलवतात. डबिंगमध्ये चित्र तयार असतं, आपल्यालाच त्यात बसावं लागतं. दिग्दर्शकाने सुचवलं, "अरे बाळा, का रडतोयस?" हे झाले आठ, घाई करावी लागते, आणि 'बा' म्हणताना ओठ मिटतात तेव्हा साळिंदराचं तोंड सताड उघडं. मी म्हटलं, "काहून रडून राहिला?" का, हून, र, डून, रा, हि, ला. मोजून सात, ओठ कुठेच मिटत नाहीत. उत्तर आलं, गावठी वाटेल. मी विचारलं, साळिंदर कोणत्या गावचं असतं? शेवटी सुरुवातीला एक 'हं' चिकटवून जुनंच वाक्य ठेवलं. दोन उघडझापी रिकाम्याच राहिल्या आणि तसंच ते प्रसारित झालं. चौकीदार, चोर नाहीतर बावळट गाढव असेल तेव्हा मात्र वऱ्हाडीच पाहिजे असते.

यात तुमच्या कामाचं सगळं आलं. प, फ, ब, भ, म या अक्षरांना ओठ मिटतात (फ इंग्रजी एफसारखा काढला तर नाही), आणि चित्रात मिटलेले ओठ लहान पोरालाही दिसतात. प्रत्येक तुकडा तीनदा बघायचा: एकदा मूळ आवाजाचा भाव ऐकायला, एकदा आवाज बंद करून उघडझाप मोजायला, एकदा श्वास कुठे घेतलाय ते बघायला. टीव्हीच्या चित्रात सेकंदाला २५ फ्रेम असतात; दोन फ्रेम पुढेमागे कोणाला कळत नाही, पाच-सहा सरकलं की खटकतं. सरावाला कोणतंही कार्टून लावा, आवाज बंद करा, स्वतः संवाद लिहा. वऱ्हाडीत लिहिलात तरी हात बसतो.

बावीस वर्षांच्या पुरुषाने नायक पोराच्या आवाजामागे लागू नये, हे स्पष्ट सांगते. मुलगा बारा-चौदाचा झाला की आवाज फुटतो, म्हणून मालिकांमधली मुलं बरेचदा बायकाच बोलतात. 'सिम्पसन्स'मधल्या दहा वर्षांच्या बार्टला नॅन्सी कार्टराइट १९८७पासून आवाज देतायत. तुमच्या वाट्याला आजोबा, राक्षस, अस्वल, मास्तर, बोलणारा ट्रॅक्टर. एकाच मालिकेत तीन-चार पात्रं सांभाळता आली तर बोलावणं पुन्हा येतं. नुसती पट्टी वरखाली करून आवाज बदलत नाही. जीभ पुढे, ओठ हसरे ठेवले की आवाज लहान होतो. जबडा सैल, ओठ पुढे काढले की मोठा. प्रत्येक पात्राचा वेग आणि श्वास वेगळा ठेवा, नाहीतर चौथ्या मिनिटाला आजोबा आणि अस्वल एकच होतात.

पात्रं बदलत रात्रभर आवाज टिकवायचं शिक्षण विदर्भातच आहे. दिवाळीनंतर पूर्व विदर्भात झाडीपट्टीच्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांचा हंगाम सुरू होतो, गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे त्याचं मुख्य ठाणं. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. एक हंगाम पडेल ते काम करा, क्लासपेक्षा स्वस्त पडेल.

घरच्या रेकॉर्डिंगचं. ऑडिशन आता घरूनच मागतात. महागडा कंडेन्सर माइक घेऊ नका. तो शेजारच्या गोठ्यातली घंटाही पकडतो, शिवाय त्याला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा, म्हणजे माइकच्या वायरीतूनच जाणारी वीज, लागतो. साधा डायनॅमिक माइक, एक ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी डबी), पॉप फिल्टर (प-फची फुंकर अडवणारी जाळी), बस. तोंडापासून वीतभर अंतर, माइक किंचित बाजूला. रेकॉर्डिंगची सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. मोठ्यात मोठा आवाज रेकॉर्डिंगच्या मीटरवर उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. किंचाळायचं असेल तर दोन फूट मागे व्हा आणि तोंड वळवा. टिनाचं छप्पर असेल तर ऊन चढताना कडकड वाजतं, आणि मार्च ते जून कूलर आहेच. म्हणून पहाटे चार ते सहा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा, अर्थिंग खराब असलं की पन्नास हर्ट्झची गुणगुण येते. कागद वाजतो, संवाद मोबाइलवर वाचा. शेवटी पंधरा सेकंद काही न बोलता खोलीचा आवाज घ्या, रेकॉर्डिंगच्या सफाईला लागतो.

भाव वाढायची वाट बघत घरात कापूस भरून ठेवलेला असेल, तर त्या खोलीइतकी शांत खोली मुंबईतही मिळणार नाही. पण साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते, धुळीने घसा बसतो, आणि तिथे वायर ओढणं म्हणजे आगीशी खेळ. दोन गाद्या कोपऱ्यात उभ्या करा, डोक्यावर गोधडी, काम होतं.

स्टुडिओला पाठवायचा आवाजाचा नमुना साठ ते नव्वद सेकंदांचा. पहिले दहा सेकंद तुमचा स्वतःचा आवाज, मग पाच पात्रं. मागे संगीत नको, प्रसिद्ध पात्रांची नक्कल तर अजिबात नको. ते आवाज द्यायला माणसं आहेत. उडी, पडणं, धाप, हुंदका, तोंडात घास असताना बोलणं हे शब्दांविनाचे आवाज वेगळे घोकून ठेवा, बहुतेक जण तिथेच पडतात. किंचाळ्या नेहमी शेवटी मागून घ्या, आधी दिल्या तर उरलेला दिवस घोगरा जातो. मधाने स्वरतंतूंना काही होत नाही, गिळलेला मध तिथे पोचतच नाही. साधं पाणी थोडं थोडं प्या. आणि खर्रा (सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण) खात असाल तर आजच सोडा. सुपारीने गालाचं आतलं आवरण ताठर होतं, तोंड दोन बोटंही उघडत नाही, मग ळ कुठून येणार?

पैसे एपिसोडमागे किंवा तासावर ठरतात, पगारासारखे नाहीत. बिल दिल्यावर दोन-तीन महिने लागले तर नवल नाही, टीडीएस कापला जातो, विवरणपत्र भरा. कागदावर सही करताना तुमच्या आवाजावरून यंत्राने नवा आवाज बनवायची परवानगी आत घुसवलेली नाही ना, ते वाचा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ने सादरकर्त्याला ५० वर्षांचा हक्क दिलाय, त्यातलं बरंच एका सहीने जातं. पहिली दोन-तीन वर्षं शेती किंवा नोकरी सोडू नका.

एक राहिलंच. निव्वळ मराठी कार्टूनवर पोट भरत नाही, भाकर हिंदीत आहे, आणि ते काम अंधेरी-गोरेगावच्या स्टुडिओत होतं. बडनेऱ्याहून विदर्भ एक्सप्रेसने रात्रीत पोचता येतं. आपल्या 'मेरे को जाना है करके' हिंदीवर मात्र मेहनत घ्या. त्यासाठी कोणी चांगला शिक्षक भेटला तर क्लास लावायला माझी हरकत नाही.

आणि साळिंदराचं. "का रे, कशाला रडतोस?" हेही सात ठोक्यांतच बसतं, ओठ मिटत नाहीत आणि कोणाला गावठीही वाटलं नसतं. हे मला परत येताना गाडीत सुचलं, अकोला गेल्यावर. त्या दिग्दर्शकाला मी अजून सांगितलेलं नाही.