डब्यातले गरे, बिस्किटांचा पुडा आणि ‘जंक फूड’

ताई, तुमच्या मुलाच्या डब्यातले तळलेले गरे ‘जंक फूड आणू नये’ असा शेरा मारून परत आले आणि शेजारच्या मुलाचा क्रीमच्या बिस्किटांचा पुडा मात्र चालला, हे वाचून हसूही आलं आणि चीडही. राजापूरकडच्या आमच्या गावात बायकांचा बचत गट आहे, कागदपत्रं आणि हिशेब मी बघतो. आम्हाला या शब्दाने चांगलंच पिडलंय. मी आहारतज्ज्ञ नाही, वकीलही नाही, तेव्हा पुढचं सगळं त्या बेताने घ्या.

तळलेलं-गोड कमी खावं वगैरे तुम्हाला माहीतच आहे, ते सोडतो.

‘जंक फूड’ हा बोलण्यातला शब्द. 1970च्या दशकात अमेरिकेत मायकेल जेकबसन या आहारविषयक कार्यकर्त्याने तो गाजवला. उष्मांक भरपूर आणि पोषण नावापुरतं, असं खाणं. आपल्याकडे एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, सप्टेंबर 2020मध्ये शाळांसाठी जे नियम काढले, त्यांत भाषा वेगळी आहे: संतृप्त चरबी (तुपा-खोबरेलात असते तशी, गोठणारी), ट्रान्स फॅट (तेलावर प्रक्रिया करताना होणारी घातक चरबी), वरून घातलेली साखर किंवा सोडियम (मिठातला घटक) जास्त असलेले पदार्थ. हे पदार्थ शाळेच्या कॅन्टीनमध्ये, मेसमध्ये, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत मुलांना विकायचे नाहीत. विकायचे नाहीत, हे नीट वाचा. घरच्या डब्यावर शाळा स्वतःची शिस्त लावू शकते, पण ती शाळेची शिस्त झाली. आणि राज्य सरकारने मे 2017मध्ये कॅन्टीनसाठी जी नकोशा पदार्थांची यादी काढली होती, तिच्यात चिप्स, नूडल्स, पिझ्झा, बर्गर यांच्याबरोबर केक आणि बिस्किटंही होती. शेरा मारणाऱ्या बाईंना हे ठाऊक नसावं.

आता आमचं. गट शाळेच्या कॅन्टीनला घावने-चटणी, उकडलेल्या शेंगा, फणसपोळी आणि गऱ्यांच्या पुड्या द्यायचा. कुणीतरी तक्रार केली. मुख्याध्यापक भला माणूस, म्हणाले, “जंक नाही एवढं लेखी आणा, मी काही बोलणार नाही.” म्हणून एका सरकारी कार्यालयात गेलो. कुठलं ते सांगत नाही. साहेबांनी गरे पाहिले, “तळलेले ना? जंक.” फणसपोळी? “गोड आहे.” शेंगा? “मीठ असणार.” घावन्यांपाशी मात्र ते अडले. तांदूळ, पाणी, चिमूटभर मीठ. नाव काय ठेवणार? मग म्हणाले, “यावर लेबल कुठाय?” मी म्हटलं, साहेब, तव्यावरून ताटात पडतं, लेबल चिकटवू कुठे? तर म्हणे लेखी द्यायची पद्धत नाही, वरच्या कार्यालयात विचारा. वरच्यांनी खाली पाठवलं. चरबी जास्त की साखर की मीठ, आणि किती, हे एकानेही सांगितलं नाही.

या खेपांमध्ये पाऊस लागला. मे महिन्यात तळून ठेवलेले गरे सादळले, तेलाचे पैसे अंगावर आले. गटातल्या काही जणी काजूच्या कारखान्यात रोजावर गेल्या, त्या परत आल्या नाहीत. आणि आमच्या रिकाम्या जागेवर कॅन्टीनमध्ये काय आलं? ‘मल्टिग्रेन’ छापलेल्या चकचकीत पुड्या. त्यांच्यावर लेबल होतं ना! ज्याला कागद आहे ते खाणं, ज्याला नाही ते जंक, असा तिथला कारभार. माझा राग अजून गेलेला नाही, तेव्हा थोडं तिखट लागलं तर सोडून द्या.

म्हणून माझं म्हणणं, तोंडी वाद घालू नका. शाळेला साधी चिठ्ठी लिहा: गऱ्यांवर हरकत चरबीमुळे आहे, साखरेमुळे की मिठामुळे, आणि हाच निकष बिस्किटांच्या पुड्यांना लावणार का? सोबत बिस्किटांच्या वेष्टनाचा फोटो जोडा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. मैदा, साखर, पामतेल हे पहिले तीन दिसले की बोलायची गरज उरत नाही. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. म्हणजे 100 ग्रॅममध्ये 800 मिलिग्रॅम सोडियम असेल तर मीठ झालं 2 ग्रॅम. मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमच्या आत ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांना त्याहूनही कमी. आणि तो चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक दाखवून कुणी ‘पौष्टिक’ म्हणालं तर ऐकू नका. तो परवान्याचा किंवा नोंदणीचा क्रमांक, पौष्टिकतेचा दाखला नव्हे.

पण ताई, गऱ्यांची वकिली मी पुरती करणार नाही. खोबरेल तेलातले असतील तर त्या तेलात 80 टक्क्यांहून जास्त चरबी संतृप्तच. भाकरी-भाजीबरोबर मूठभर चालतील, अख्खा डबा त्यांचाच नको. घरचं म्हणजे चांगलंच, हा आपल्या कोकणातला भ्रम मला पटत नाही. अमृत कोकम घ्या, बाटलीत कोकमापेक्षा साखर जास्त. मुलाला सरबत द्यायचंच तर आगळाचं (कोकमाच्या खारवलेल्या रसाचं) करा, गूळ बेताने घाला. आगळात मीठ आधीच असतं, वरून घालू नका.