लेकाचं बेसबॉल आणि नवऱ्यापासून लपवलेले पैसे

न्यू जर्सीच्या ताईंना नमस्कार.

मुलगा 26 वर्षांचा. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षानंतर ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक बेसबॉल संघ नवे खेळाडू घेतात त्यात, निवड झाली, डिग्री अर्धवट राहिली. मायनर लीगमधला हा पाचवा सीझन, अजून डबल-एमध्येच, म्हणजे सर्वोच्च मेजर लीगच्या दोन पायऱ्या खाली, आणि यंदा त्याला सेंटर फिल्डवरून (मैदानाच्या मागच्या भागातली मधली जागा) लेफ्टला, म्हणजे डावीकडच्या जागी, हलवलंय. यजमान म्हणतात, पुरे झालं आता. तुम्ही मात्र त्यांच्या नकळत त्याला दरमहा पैसे पाठवता, आणि मला विचारता, त्याला थांब म्हणू का?

नका म्हणू. आधी ते पैसे उघड करा.

खेळाडूंच्या युनियनने 2023 मध्ये केलेल्या करारात डबल-एचा किमान पगार वर्षाला 13,800 वरून 30,250 डॉलरवर गेला. सीझनमध्ये राहायची सोय 2022 पासून क्लबच करतो. हा पगार तुटपुंजाच आहे, पण तुमच्या पैशांवाचून पोराचे हाल होतील अशी स्थिती नाही. पैसे पाठवायला माझी हरकत नाही, लपवायला आहे. वडिलांशी बोलताना त्यालाही ते सांभाळावं लागत असणार, आणि मग त्या दोघांत खेळाबद्दल मोकळं बोलणं होणार कसं?

आता लेफ्ट फिल्डचं. तुम्ही ते ओझरतं लिहिलंय, पण मला पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच वाटली. सेंटरला पळणारा, मोठा टापू राखणारा माणूस लागतो. तिथे बॅट थोडी कमी चालली तरी संघ सांभाळून घेतो. लेफ्टला ती सवलत नसते, तिथे धावा कुटणारा हवा असतो. मेजर लीग संघाच्या 26 जणांत आउटफिल्डर, म्हणजे मागच्या भागात डावीकडे, मधे आणि उजवीकडे उभे राहणारे, साधारण चार-पाच. त्यातली शेवटची जागा बहुधा तिन्ही ठिकाणी उभा राहू शकेल अशालाच मिळते. म्हणून त्याने क्लबला सरळ विचारावं: मला सेंटरला पुन्हा खेळवणार का, की तिथून मला कायमचं काढलंत? या उत्तरावर पुढचं बरंच ठरेल.

उशिरा पोचणारे असतात. माइक यास्ट्रेम्स्कीचे आजोबा हॉल ऑफ फेममधले, म्हणजे बेसबॉलच्या मानाच्या दिग्गजांतले, तरी 2013 मध्ये ओरिओल्स संघाने निवडलेल्या या आउटफिल्डरला मेजर लीगमध्ये उतरायला मे 2019 उजाडला, तोही जायंट्स या दुसऱ्याच संघाकडून. वय 28. त्या वर्षी त्याने 21 होमरन मारले. पण हे उदाहरण यजमानांच्या तोंडावर फेकू नका. बहुतेक मुलं वर न पोचताच घरी येतात, आणि यजमानांची काळजी त्याच अनुभवावर उभी आहे.

डिग्रीचं मात्र आजच बघा. पहिल्या करारात शिक्षणाच्या खर्चाची तरतूद पुष्कळदा लिहून घेतलेली असते, आणि ती वापरायला मुदत असते. कागद त्याच्याकडे नसतील तर एजंटकडे असतील. तेवढं हाती असलं की किती सीझन आणखी खेळायचं हे त्याचं त्याला ठरवू द्या. ती तारीख तुम्ही दोघांनी ठरवायची नाही.

मंगळवार ते रविवार सहा सामने असतात, रात्री उशिरा तो थकलेला असतो. सोमवारी सुट्टी. फोन तेव्हा करा, यजमानांना शेजारी बसवून. पैशांचं त्यांना आदल्या दिवशीच सांगा, रागावतील तर रागावू देत.