लसीका ग्रंथींपर्यंत औषध नेणारे कण: नवख्या संशोधकास सल्ला

लसीका ग्रंथींपर्यंत औषध नेणाऱ्या कणांच्या प्रयोगाचा जो आराखडा तुम्ही मला दाखवलात, त्यात औषधाची निवड सविस्तर आहे, पण कणाच्या आकाराला एकच ओळ मिळाली आहे, आणि माझ्या मते सुरुवात तिथूनच व्हायला हवी. त्वचेखाली टोचलेला कण साधारण १० नॅनोमीटरपेक्षा लहान असेल तर तो बहुधा रक्तकेशिकांत शिरतो. १०० च्या बराच पुढे गेला तर ऊतींच्या जाळ्यात अडकून पडतो आणि त्याला उचलून नेणाऱ्या पेशींची वाट पाहत बसतो. मधल्या टप्प्यातले कण लसीकेच्या (ऊतींतून निघणाऱ्या द्रवाच्या) प्रवाहाबरोबर आपोआप ग्रंथीकडे वाहत जातात. ऊतींतील जाळे ऋणभारित असल्याने धनभारित कण तिथेच चिकटतात, म्हणून पृष्ठभाग किंचित ऋण किंवा पेगच्या (पॉलिएथिलीन ग्लायकॉल या पॉलिमरच्या) आवरणाने झाकलेला ठेवावा.

आकार केवळ पाण्यात मोजून समाधान मानू नका. माझे ४० नॅनोमीटरचे कण सीरममध्ये (रक्तातील पेशी व गुठळी काढून उरलेल्या द्रवात) तासाभरात गुठळ्या होऊन बसले होते, आणि हे मला उंदरांवरचे प्रयोग संपल्यावर कळले. (त्या महिन्याची वही मी अजून उघडत नाही.)

कणाचा माग काढण्यासाठी त्यात घातलेल्या रंगाची चमक ग्रंथीत दिसली म्हणजे कण पोहोचला, असेही समजू नका, कारण कणातून सुटलेला रंग अल्ब्युमिन या शरीरातील प्रथिनाला चिकटून स्वतंत्रपणे तिथे जाऊ शकतो. त्यामुळे नुसत्या रंगाचा तुलनात्मक गट ठेवाच, आणि शक्य झाल्यास खुद्द औषधाचे प्रमाणही ग्रंथीत मोजा.